आउनेने गुंडाळलेली तार

राउतालांपी,
४ मार्च २००४

प्रिय इंपी,

तू फोन केला असशील तर मी उचलला नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या जंगलातली लाइन इतकी खरखरते की पलीकडे माणूस आहे की खार, पत्ता लागत नाही. त्यापेक्षा पत्र बरं. पत्र खरखरत नाही आणि तुझ्यासारखं मधेच तोडतही नाही.

तळं अजून गोठलेलंच आहे. सकाळी बर्फावर धुकं उतरतं, पलीकडचा काठ नाहीसा होतो आणि आपलं घर कुठेच नाही असं वाटायला लागतं. मी खिडकीशी बेस गिटार मांडीवर घेऊन वाजवत बसतो. आउने गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासूनचा हा रोजचा नेम. आता त्यातच बिघाड झालाय, म्हणून हे पत्र.

माझ्या बेसचा पिकअप मरायला टेकलाय. तारांखालची ती काळी डबी, आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार. तुला काय सांगायचं, तू हेच करून पोट भरतेस. पण ही डबी आउनेने, तुझ्या बहिणीने गुंडाळलेली आहे. १९६९ साली, विजेच्या मोटरींच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, फोरमनची नजर चुकवून. तू दाराशी राखण करत होतीस, असं ती सांगायची.

त्या पिकअपच्या आवाजाला एक किनार होती. सूर जाड, खालचा, आणि त्याच्या वरच्या कडेला बारीक झळाळी. टँगोत बाई वळते त्या क्षणी ती नेमकी टाचेखाली यायची. कोइवुरांताच्या नाचघरात आउने कॉफीच्या खिडकीत उभी असायची, पार दुसऱ्या टोकाला, तरी तिला ती तिथे ऐकू जायची. आता ती किनार गेली. आवाज आहे, पण घोंगडीखालून आल्यासारखा.

सहा जूनला कोइवुरांताचा यंदाचा पहिला रविवार. दुपारी एक ते चार, आमच्या वयाच्या गुडघ्यांना झेपेल असा नाच. कालेर्वोचा अकॉर्डियन, यालोचे ड्रम आणि मी, पस्तिसावं वर्ष. मी ठरवलंय, किनार परत आली नाही तर स्टेजवर चढणार नाही. तसा वाजवण्यापेक्षा न वाजवलेला बरा. तू निरनिराळे पिकअप करून पाठव. एकापाठोपाठ एक लावून ऐकतो आणि कळवतो.

तुझा
ओइवा


टांपेरे,
११ मार्च

दाजी,

तुमच्या सावो भागातला माणूस बोलायला लागला की अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्याची, असं म्हणतात ते उगाच नाही. तुमच्या एवढ्या लांब पत्रातून मला कळलं ते असं: पिकअप हवेत. एका ओळीत झालं असतं.

आधी साधे प्रश्न. तारा कधी बदलल्या? तुम्ही बेसवाले एकदा चढवलेली तार पेन्शन लागेपर्यंत उतरवत नाही आणि मग आवाज मंदावला म्हणून पिकअपला शिव्या देता. टोनची खुंटी पूर्ण उघडी आहे ना? नसेल तर उघडा आणि मला टपालखर्च वाचवू द्या.

राखण मीच करत होते, खरं आहे. ताई त्या दिवशी मशीनकडे बघतसुद्धा नव्हती. दोन बोटांतून तार सोडत होती आणि तुमच्याबद्दल बोलत होती. या माणसात एवढं आहे तरी काय, असं मला तेव्हा वाटलं होतं. अजूनही अधूनमधून वाटतं.

दोन पिकअप पाठवतेय. लाल दोरा बांधलेला एकेरी आहे, चारही तारांखाली एकच गुंडाळी, ताईचा होता तसाच. निळ्या दोऱ्याचा दुभागलेला, दोन तारांना एक तुकडा आणि उरलेल्या दोघींना दुसरा. एकेरी दिव्याजवळ गुणगुणतो, दुभागलेला गुणगुणत नाही. दोन्ही माझ्या हातचे आहेत, तेव्हा दोष काढताना जपून.

वेळेवर जेवा.

इंपी


राउतालांपी,
२ एप्रिल

प्रिय इंपी,

तारा फेब्रुवारीत बदलल्या आणि खुंटी पूर्ण उघडी आहे. मी म्हातारा आहे, मूर्ख नाही. निदान आउने असेपर्यंत तरी ती मला मूर्ख होऊ देत नव्हती.

तुझे दोन्ही पिकअप होडीच्या छपरीत ऐकले. तिथे दिवसभर बर्फाचं पाणी ठिबकत असतं आणि फटींमधून ऊन लांब पट्ट्यांनी आत येतं. सोल्डरचा धूर त्या पट्ट्यांत शिरला की निळा होतो. बघत बसलं तर तासन्‌तास जातात. मी बघत बसलो, आणि मग वाजवलं.

लाल दोऱ्याचा छान गुणगुणतो, दिव्याजवळ नेला की तर चांगलाच. त्याचा सूर सरळ आहे. विचारलं तेवढंच सांगणारा. निळ्याचा सूर छातीत येऊन बसतो. वरच्या जाड तारेवर बोट ठेवलं आणि छपरीच्या फळ्या पायाखाली थरथरल्या, शेल्फवरच्या खिळ्यांचा डबा सरकला. कालेर्वोला हा आवडेल, त्याला बेस म्हणजे जमीन वाटते. खोटं कशाला बोलू, मलाही आवडला.

पण किनार एकातही नाही. मी डोळे मिटून वाट पाहिली. सूर यायचा, थांबायचा आणि नुसता संपायचा. पूर्वी तो संपताना वर चढून जायचा, इंपी. आउनेने गुंडाळताना काहीतरी वेगळं केलं असणार. तू तिथे होतीस, आठवून बघ.

ओइवा


टांपेरे,
१२ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

दाजी,

आठवून पाहिलं. कारखान्यात आम्हाला वेढ्याला वेढा लावून गुंडाळायला शिकवलं होतं, शिस्तीत. ताई तशी गुंडाळायची नाही. ती तार डावी-उजवीकडे भटकू द्यायची, फोरमन ओरडायचा. अशा भटक्या गुंडाळीत वेढ्यांमध्ये हवा राहते आणि आवाज जरा उघडा येतो. तेव्हा आम्हाला हे कुठे ठाऊक होतं. तिचा तो स्वभाव होता, बस्स.

म्हणून दोन दिवस बसून एक एकेरी तिच्यासारखा गुंडाळलाय. पिवळा दोरा. जुने लोहचुंबक वापरले आणि हात मोकळा सोडला. मला ते कठीण जातं, माझ्या हाताला शिस्तीची सवय लागलीय. मधेच एकदा वाटलं की ती मागे उभी राहून हसतेय. मी मागे वळून पाहिलंसुद्धा, आता काय सांगू. सोबत एक दुहेरी आहे, हिरवा दोरा, दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी. तो जाडजूड आणि शांत आहे, रविवारी चर्चमध्ये डुलक्या घेणाऱ्या माणसासारखा.

घाईत आहे. भावाची मुलं आलीत, त्यांनी ईस्टरची सगळी मेम्मी खीर संपवली आणि आता क्रीम मागताहेत. टपाल कचेरी उद्या उघडते म्हणून आज रात्रीच पाकीट बांधून ठेवते.

फोनची लाइन दुरुस्त करायला माणूस बोलवा. मी तीनदा लावला.

इंपी


राउतालांपी,
३ मे

प्रिय इंपी,

बर्फ गेला. गुरुवारी दुपारी गेला, एका तासात, मी बघत असताना. आता पाणी इतकं स्वच्छ आहे की ढग कुठले वरचे आणि कुठले खालचे हे सांगता येत नाही. अशा दिवसांत आउने दारातच बसून बटाटे सोलायची आणि निम्मे विसरायची.

तुझा हिरवा दुहेरी फार जड निघाला. सगळे सूर एकमेकांच्या अंगावर रेलतात. पिवळा मात्र मी यालोच्या गॅरेजमध्ये तालमीला नेला आणि तीन तास वाजवला, अ‍ॅम्पच्या अगदी पुढ्यात उभं राहून, आवाज पूर्ण चढवून. तुझी कमाल आहे. इतका शांत पिकअप मी पाहिला नाही. दोन सुरांच्या मध्ये नुसतं तळं.

तालीम मात्र बरी झाली नाही. कालेर्वो दर दोन मिनिटांनी थांबून माझ्याकडे बघत होता आणि मग अकॉर्डियनची पट्टी तपासल्यासारखं करत होता. त्याचं वय झालं. यालोचा कुत्रा मुस्ती एरवी ड्रमला टेकून झोपतो, तो पहिल्याच गाण्याला उठून अंगणाच्या टोकाला जाऊन बसला. त्याला टँगो आवडेनासा झालेला दिसतो.

एवढं सगळं असून किनार पिवळ्यातही नाही. आता माझी खात्री झालीय. ती जुन्याच पिकअपमध्ये होती आणि तोच थकलाय. आउनेही शेवटी थकलीच होती, तिची तार तरी किती दिवस टिकणार. म्हणून तो उतरवून या पत्राबरोबर तुला पाठवतोय. तिची गुंडाळी काप, आणि त्याच लोहचुंबकांवर नवी चढव. कापताना मला सांगू नकोस. नुसता तयार करून परत पाठव. सहा जूनला महिना राहिलाय.

ओइवा


टांपेरे,
१४ मे

दाजी,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता सरळ लिहिते. टांपेरेची माणसं सरळ बोलतात, माफ करा.

तुमचा पिकअप मंगळवारी आला. झाकण काढलं. खालच्या पाटीवर ताईने कारखान्यातला तिचा नंबर खिळ्याने कोरलाय, अठ्ठेचाळीस. मी चाकू हातात घेतला. गुंडाळी कापताना चाकू आडवा घालून एका झटक्यात ओढायचा असतो, आजवर शेकडो वेळा केलंय. पण कापण्याआधी मीटर लावायची मला सवय आहे, तसा लावला. मीटरवर आकडा अगदी निरोगी आला. तार कुठेही तुटलेली नाही. चुंबकांतही पुरेसा जोर आहे.

मग तो माझ्या चाचणीच्या फळीवर बसवला, तारा चढवल्या आणि एक सूर छेडला.

किनार आहे, दाजी. जशीच्या तशी. तो सूर संपताना वर चढून गेला आणि मी चाकू खणात टाकून खण लावून टाकला. ताई दारातून आत आली असती तरी मी इतकी दचकले नसते.

तेव्हा पिकअप थकला म्हणावं तर ते खरं नाही. मी तुमचं शेवटचं पत्र पुन्हा काढून वाचलं. पिवळा पिकअप शांत आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी मेणाचं भांडं उचलून पाहिलं, तर त्याच्याखाली पिवळ्याची ‘मेण बाकी’ अशी चिठ्ठी तशीच पडलेली. ईस्टरच्या घाईत मी तो मेणात बुडवायला विसरले. मेण वेढ्यांच्या फटींत जाऊन त्यांना घट्ट धरतं. ते नसेल तर मोठ्या आवाजाच्या अ‍ॅम्पसमोर वेढे थरथरतात आणि पिकअप शिट्टी मारतो. बारीक, चिरणारी शिट्टी, दाताच्या डॉक्टरकडे ऐकू येते तशी. तुम्ही तीन तास त्या शिट्टीसमोर उभे राहिलात आणि तुम्हाला नुसतं तळं ऐकू आलं. मुस्तीला टँगोचं काही वावडं नाही. त्याला ऐकू येतं.

आता कळलं तुम्ही फोन का उचलत नाही ते.

किनार पिकअपमधून गेली नाही, दाजी. ती तुमच्या कानांतून गेली. वयाने वरचे सूर आधी जातात, खालचे राहतात, म्हणून तुम्हाला दिव्याजवळची गुणगुण ऐकू येते आणि फळ्या थरथरलेल्या कळतात. हे मी लिहायला नको होतं कदाचित. पण नाही लिहिलं असतं तर मला ताईची गुंडाळी कापावी लागली असती, आणि ती मी कापणार नाही. तुम्ही कितीही सांगितलंत तरी नाही. पिकअप परत पाठवतेय, जसा आला तसा.

इंपी


टांपेरे,
२७ मे

दाजी,

उत्तर नाही. रागावला असाल तर रागाची एक ओळ लिहा, मला चालेल. मी माझा राग कधी लपवला नाही आणि ताईनेही नाही, आमच्या घरात तशी पद्धतच नव्हती.

आजारी असाल तर शेजारणीकडून कळवा. पिकअप पोचला का एवढं तरी सांगा. तो टपालात हरवला असेल या विचाराने मला झोप लागत नाही. आणि खरं सांगू, नुसत्या पिकअपच्या विचाराने नाही.

इंपी


राउतालांपी,
१ जून

प्रिय इंपी,

पिकअप पोचला. बेसमध्ये बसवलाय. मी आजारी नाही आणि रागावलोही नाही. पहिले तीन दिवस रागावलो होतो, मग कंटाळा आला.

मला माहीत होतं. तुझ्या पत्राच्या आधीपासून, गेल्या उन्हाळ्यापासून. पाकोळ्या आल्या त्या दिवशी मी धक्क्यावर बसलो होतो. त्या छपरावरून खाली झेपावत होत्या, चोची उघडलेल्या, आणि कसला आवाज म्हणून नव्हता. सगळं तळं मुकं झालं होतं आणि त्यावर ते काळे पक्षी फिरत होते. मला ते सुंदर वाटलं, हे तुला खरं वाटणार नाही. स्वप्न पडतंय असं समजून मी बराच वेळ बसून राहिलो. मग शेजाऱ्याची नात कानांवर हात ठेवून म्हणाली, किती ओरडतात या. तेव्हा मी उठून घरात गेलो.

तरी तुला पिकअप मागवत राहिलो. दोष पिकअपचा निघाला असता तर तो तुझ्या हातून दुरुस्त झाला असता, इंपी. कानाला नवी तार कोण गुंडाळणार. म्हणून मी कापायला सांगितलं. आपल्या कानांचा दोष लपवायला मी आउनेचंच काम नासलंय असं सांगायला निघालो होतो. तुझा हात थांबला नसता तर मी काय करून बसलो असतो, हे आठवलं की लाज वाटते.

गेल्या आठवड्यात तालमीच्या कॉफीला मी सांगून टाकलं. म्हटलं, मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. यालो गोड पाव चावत राहिला. कालेर्वोने कप खाली ठेवला.

“दोन वर्षं झाली, ओइवा,” तो म्हणाला. “आम्ही इतक्या माना कशाला हलवतो असं वाटलं तुला? तू आवडतोस म्हणून?”

ते मला माना हलवून ताल दाखवत होते. मी समजत होतो, रंगात आलेत. आणि त्या शिट्टीच्या दिवशी मी लघवीला गेलो तेव्हा यालोने माझ्या अ‍ॅम्पची खुंटी उतरवून ठेवली होती. मी परत येऊन ती पुन्हा चढवली.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

“तू विचारलं नाहीस,” यालो म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. मग आम्ही दोन तास वाजवलं.

आरोग्य केंद्रात कान तपासून आलो. यंत्रं मिळतील, पण पानगळीच्या दिवसांत, रांग मोठी आहे. आणि त्यातून बोलणं कळेल, किनार कळेलच असं नाही, असं तिथली मुलगी म्हणाली. ती टांपेरेची असावी.

तेव्हा रविवारी मी स्टेजवर जाणार आहे, आउनेचा पिकअप घेऊन, ती किनार न ऐकता. भीती वाटते. वाजतेय की नाही हे मला कळणार नाही, आणि ते सांगणारं तिथे आता कुणी नाही. तू ये. सुओनेनयोकीपर्यंत बस आहे, यालो घ्यायला येईल. तोंडी काही सांगू नकोस, गर्दीत मला निम्मंच कळतं आणि उरलेलं मी आपल्या सोयीने लावतो. घरी जा आणि लिहून पाठव. खोटं मात्र लिहू नकोस.

ओइवा


टांपेरे,
७ जून

दाजी,

तुम्ही लिहायला सांगितलंत म्हणून लिहिते. सावोची नक्षी मला जमत नाही, जे ऐकलं ते असं.

मी तळ्याकडच्या बाकावर बसले, खांबापाशी, म्हणजे तुम्हाला दिसणार नाही. तरी तुम्ही शोधत होतात, ते दिसलं. पहिला वॉल्ट्झ वाईट झाला. तुम्ही बेस इतका आवळून धरला होतात की तो गुदमरला. किनार नव्हती. कालेर्वो मान हलवून हलवून दमला. दुसऱ्यालाही नव्हती. मला वाटलं, मीच काहीतरी चुकले, फळीवर मला भास झाला.

मग एका गृहस्थांनी येऊन वाकून मला नाचायला बोलावलं. मी कामावर आहे, असं त्यांना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असावं, पण काम ते काम.

तिसरा नाच टँगोचा. तो संथ, उदास. तुम्ही डोळे मिटलेत आणि हात सैल सोडलात. सूर आधी फळ्यांमधून माझ्या बुटांत आला, जाड आणि गोल. अर्धा क्षण नुसता तोच होता. मग त्याच्या वरच्या कडेला ती आली. टाचणीएवढी, स्वच्छ, किंचित थरथरती. निळ्या कपड्यातली एक जाड बाई तेव्हा वळत होती, आणि ती तुम्ही लिहिलं होतंत तशीच तिच्या टाचेखाली आली. सूर संपला आणि ती संपली नाही, पाण्यावर जात राहिली, काठच्या बोरूंपर्यंत तर मी ऐकली. पुढच्या सुराला पुन्हा आली. मग प्रत्येक सुराला. मी मोजायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं.

कॉफीच्या खिडकीतली नवी मुलगी कप पुसायची थांबली होती. ती विशीची असेल, तिला ताई कोण ते माहीतही नाही.

तेव्हा वाजतेय, दाजी. तुम्हाला ऐकू आली नाही तरी वाजतेय, आणि सगळ्यांना ऐकू जातेय. हे मी ताईची शपथ घेऊन लिहिते.

त्यानंतरच्या दोन नाचांबद्दल मला काही लिहिता येत नाही. तेव्हा मी रडत होते, आणि रडताना नीट ऐकू येत नाही. ते दोन ऐकायला पुढच्या रविवारी पुन्हा येते.

इंपी